नंदाबाईच्या नावाचा नंबर

बायकोच्या तेराव्याला काकासाहेबांनी मोबाईल दान करायचं काढलं, तेव्हा भावकीतल्या म्हाताऱ्यांनी आधी आ वासला आणि मग माना डोलावल्या. तेराव्याला छत्री देतात, चपला देतात, काठी देतात, गादी-उशी देतात. मोबाईल कुणी दिल्याचं अख्ख्या घनसावंगी तालुक्यात ऐकण्यात नव्हतं. पण काकासाहेबांच्या डोक्यात एकदा आलं की आलं. पाहुण्यारावळ्यांच्या कपाटात धूळ खात पडलेले जुने फोन त्यांनी गोळा केले. एकाच्या काचेला तडा, एकाची बॅटरी मेलेली, एक तर बसस्टँडवर सापडलेला आणि चार महिने झाले तरी कुणी विचारायला न आलेला. पुतण्या कल्याणचं तालुक्याला मोबाईलचं दुकान होतं. त्यानं सगळे उघडून, पुसून चालते केले. अकरा झाले. बारावा खुद्द सोनूबाईंचा, म्हणजे जिचा तेरावा तिचाच.

"काका, काकूचा बी बाकीच्यासारखा साफ पुसून देतो, सिम काढतो," कल्याण म्हणाला.

काकासाहेब खेकसलेच त्याच्यावर. "खबरदार! रिकामं भांडं दान देतात का रे कुणी? तांब्या द्यायचा म्हणलं तरी त्यात मूठभर दाणे घालतात. दानाची वस्तू आहे तशी, भरल्या अंगानं द्यायची. सिम राहू दे आतच. वर तीन महिन्याचा रिचार्ज मार."

कल्याणनं मान हलवली. काकासाहेबांपुढं मान हलवायची एकच पद्धत होती, वरून खाली. दोन्ही बाजूंना हलवलेली मान त्या घरात कुणी पाहिली नव्हती. बिचाऱ्यानं फोन चार्जिंगला लावला, रिचार्ज मारला, आणि हा फोन कुणाला द्यावा याचा विचार करत सहज आतली यादी बघितली. बघून तो काकांकडं पळतच आला.

नंदाबाई त्या वेळी मागच्या अंगणात होती. बुंदीच्या कढईला राख लावून घासत होती. वीस वर्षं तिनं या घरची झाडलोट केली, धुणीभांडी केली. नवरा कचरू याच घरी सालगडी. मळ्याच्या कडेची पत्र्याची खोली होती तीसुद्धा काकासाहेबांचीच. म्हणजे पोटाचं अन् डोक्यावरचं, दोन्ही एकाच उंबऱ्यावर टांगलेलं. तर तिला हाक आली, "नंदाबाई, मांडवात बोलावलंय!" ती हात पुसत गेली, तर समोर दोनतीनशे माणूस आणि काकासाहेबांच्या हातात माईक.

"मंडळी," काकासाहेब बोलत होते आणि त्यांचा आवाज चिरकत होता, "माझी बायको रोज दुपारी अर्धा अर्धा तास या नंदाबाईला फोन करायची. मला आज कळलं. मोबाईलमध्ये सगळं निघतंय, रोज दोन वाजता, नंदाबाई, नंदाबाई, नंदाबाई. मालकीण अन् कामवाली, असा भेद त्या माउलीनं ठेवला न्हाई. म्हणून तिचा फोन नंदाबाईलाच. तुझा तो डबडा फेकून दे आता, हा वापर."

बायका डोळ्याला पदर लावू लागल्या. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. आणि नंदाबाई? नंदाबाई नुसती खांबासारखी उभी. तिनं जन्मात कधी फोन केला नव्हता! घरात एकच बटनाचा फोन होता, कचरूचा, तोही मागच्या पोळ्याला बैल धुताना विहिरीत पडला, तो पडला. आता कामवालीकडं फोन आहे का नाही, हे मालकाला कुठं ठाऊक असतं! ती "न्हाई हो मालक" म्हणायला तोंड उघडणार होती. पण एवढ्या मांडवात, रडत्या माणसाला, त्याच्या मेलेल्या बायकोबद्दल खोटं पाडायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. तिनं फोन कपाळाला लावला आणि परत कढईपाशी येऊन बसली. पण हात चालेना.

घरी कचरूनं आधी चेष्टा केली. "मला कवा बोलत न्हाईस दोन शब्द, अन् मालकिणीसंगं अर्धा अर्धा तास?"

"अहो, देवाशप्पथ, मी कुठं बोलायला! मला तर त्यांनी कधी 'चहा घे' सोडून दुसरं म्हणलं बी न्हाई."

"मंग कोण बोलत होतं?"

"मला काय ठाऊक!"

ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी तो विषय सोडला, आणि फोन ट्रंकेवर धुवट रुमालावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नंदाबाई खोलीत वाकळ शिवत बसली होती. कचरू मळ्यात उसाला पाणी देत होता. फोन वाजला. कल्याणनं शिकवलं होतं, हिरवं दिसल तिथं बोट ठेवून वर सरकवायचं. ती उठली, फोनवर वाकली, आणि तिच्या हातातली सुई गळून पडली.

नंदाबाईला वाचता येत नव्हतं. बचत गटाच्या कागदावर सही करायला म्हणून एकच शब्द ती शिकली होती, आपलं नाव. तेवढा शब्द मात्र ती कुठंही ओळखायची. आणि काचेवर ठळक अक्षरात तोच शब्द होता. नंदाबाई.

"अगं आई गं!" तिच्या तोंडून निघालं. आपणच आपल्याला फोन करून राह्यलो का काय! मेलेल्या बाईचा फोन, आणि त्यातून आपलंच नाव हाका मारतंय. तिला दरदरून घाम फुटला. उचलू का नको, उचलू का नको, करता करता बोट सरकलंच.

"आई!" आतून पोरीचा आवाज आला. "अगं आई, कुठं गेल्तीस? चौदा दिवस झाले, फोन बंद! अण्णांनी पकडला का फोन? जीव टांगणीला लागला माझा. ऐकू येतंय का? कुणी जवळ असल तर बोलू नको, नुसतं हं म्हण."

आणि नंदाबाई म्हणाली, "हं."

का म्हणाली, ते तिला पुढं कधीच सांगता आलं नाही. घाबरलेल्या माणसाला कुणी 'हं म्हण' म्हटलं तर तो हं म्हणतो, एवढंच. पण तिकडं पोरीचा जीव भांड्यात पडला आणि ती भडाभडा बोलायला लागली. आठवा लागला, डॉक्टरनं सगळं बराबर हाय म्हणून सांगितलं, पाय सुजतात, बियाण्याच्या कंपनीतलं काम आता सोडलं, यांची रोलिंग मिलमध्ये दिवसपाळी सुरू हाय. "आणि आई, चतुर्थीला राजूरला नक्की यायचं बरं का. तू कबूल केलंस. दर चतुर्थीला येतीस तशी ये, पण या खेपेला ओटीचं सामान घेऊन ये. मला दुसऱ्या कुणाच्या हातची ओटी नको."

फोन बंद झाला. नंदाबाई ट्रंकेला टेकून बसली. अर्पिता! काकासाहेबांची लेक अर्पिता, त्यांना अण्णा म्हणणारी. या हातांनी वेणी घातलेली पोर.

सहा वर्षांपूर्वी अर्पितानं आपल्या मर्जीनं लग्न केलं, जालन्याच्या कॉलेजातल्या एका पोराशी. जात वेगळी होती. काकासाहेबांनी त्या दिवशी भर अंगणात तिच्या नावानं आंघोळ केली. पाणी नंदाबाईनंच काढून दिलं होतं. तेव्हापासून ती पोर मेली, असं ठरलं. त्या घरात तिचं नाव घ्यायची सोय नव्हती. सोनूबाईंनीही घेतलं नाही. निदान घरात तरी नाही. दर चतुर्थीला तेवढ्या त्या राजूरच्या गणपतीला जायच्या, नवस हाय म्हणायच्या. काकासाहेब कौतुकानं सांगायचे, आमच्या हिची लई श्रद्धा. आणि नंबर! पोरीचा नंबर बाईनं कामवालीच्या नावानं ठेवला. कारण त्या घरात कामवालीच्या नावाकडं कुणी दोनदा बघत नाही. धन्य आहे त्या बाईची.

पण आता पुढं काय? सोनूबाई चुलीपुढं बसल्या बसल्या गेल्या, तेव्हा सरण रचायच्या आधी काकासाहेबांनी चारचौघांत बजावलं होतं, "तिकडं कळवायचं न्हाई. जो कळवील, त्यानं माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई." कळवायला तसा कुणाकडं नंबरही नव्हता न् पत्ताही. पोरीची आई गेली, जळाली, तेरावा जेवून गाव मोकळं झालं, आणि पोर तिकडं ओटीची वाट बघून राह्यली. वर आपण तिला हं म्हणून बसलो. नंदाबाईनं आपल्याच थोबाडीत मारून घेतली.

कचरूला सांगितलं तर तो पांढराफटक पडला. "फोन परत कर. उद्याच कर. चालवता येईना म्हण. मालकाला कळलं तर बिऱ्हाड रस्त्यावर येईल, सांगून ठेवतो. थोरामोठ्याच्या भानगडीत आपण मरायचं न्हाई."

"अन् ती पोर राजूरला येऊन बसल, तिचं?"

कचरूनं वाकळ डोक्यावरून ओढली.

दुसऱ्या दिवशी धुणंभांडं उरकलं आणि नंदाबाई फोन पदराखाली धरून ओसरीवर गेली. काकासाहेब जेवून खुर्चीत बसले होते. सरळ चाललेला माणूस पंधरा दिवसांत वाकला होता. ती बोलायला लागणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "बस नंदाबाई. मला एक सांग. काय बोलायची गं ती तुझ्यासंगं?"

"ऑं?"

"अर्धा अर्धा तास. माझ्यासंगं तर उभ्या जन्मात एवढं बोलली न्हाई. 'जेवायला वाढू का' अन् 'गोळी घेतली का', संपलं. मला वाटायचं, अबोल स्वभाव. मंग तुझ्यासंगं काय बोलायची? माझं काही सांगायची का?"

हा माणूस भरल्या घरात गुरगुरायचा ती गोष्ट वेगळी, आणि हा समोर बसून मेलेल्या बायकोचे दोन शब्द मागत होता, ते वेगळं. काहीतरी गोडगोड रचून सांगावं, असं तिच्या अगदी ओठावर आलं. आणि पदराखाली फोन वाजला. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले होते.

"घे की. कुणाचा हाय?" काकासाहेब म्हणाले.

ती घेईना. तिनं तो नुसता पदराबाहेर काढून धरला. काकासाहेबांनीच हात पुढं करून फोन घेतला, चष्मा खाली ओढला आणि काचेवरचं नाव वाचलं. मग तिच्याकडं बघितलं. मग परत काचेकडं.

"नंदाबाई," ते सावकाश म्हणाले, "तू तर इथं उभी हायेस."

"मालक, उचलू नका. पाया पडते."

पण उचलू नका म्हटल्यावर न उचलणारा तो माणूस नव्हता. अंगठा फिरला, कुठं दाबला गेला कोण जाणे, आवाज अख्ख्या ओसरीत आला.

"आई, अण्णा झोपले का? झोपले असतील तर बोल. काल तू एक शब्द बोलली न्हाईस, रात्रभर डोळा लागला न्हाई माझा. आई?"

काकासाहेबांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. सहा वर्षांत न ऐकलेला आवाज, पण बापाला ओळखायला एक अक्षर पुरे झालं. त्यांनी फोन नंदाबाईपुढं केला, तळव्यानं झाकून. "तू सांग तिला," ते पुटपुटले. "मला न्हाई जमायचं. तू सांग."

वीस वर्षांत नंदाबाईनं त्या माणसाचं एकही काम नाकारलं नव्हतं. त्याची उष्टी काढली, त्याच्या आजारपणात घाण काढली. पण त्या क्षणी तिला असा संताप आला की मागचापुढचा विचारच राहिला नाही.

"न्हाई मालक," ती म्हणाली. "ह्ये माझं काम न्हाई. बायको तुमची गेली, लेक तुमची हाय. तुम्ही न्हाई कळवलं, तुम्हीच सांगा आता."

"आई, कोण हाय गं तिथं?" फोनमधून आवाज आला. "आई?"

काकासाहेबांनी फोन तोंडापाशी नेला. दोनदा नुसता घसा खाकरला. "अर्पे," ते म्हणाले. "आई न्हाई बोलत. आई गेली तुझी."

फोनमधून नंदाबाईला नुसता पोरीच्या घरातला पंखा ऐकू आला.

"अण्णा?" पोर म्हणाली. "गेली म्हणजे? कुठं गेली?"

"वारली. सकाळी, चुलीपुढं. काही तरास झाला न्हाई तिला."

"आज?"

काकासाहेबांनी चष्मा काढला.

"अण्णा, आज गेली का? मी निघते. तसंच ठेवा तिला, मी निघाले, दोन तासात येते, मला तोंड बघू द्या..."

"पंधरा दिवस झाले," काकासाहेब म्हणाले. "परवा तेरावा झाला."

मग जो आवाज आला त्याला रडणं म्हणता येणार नाही. गाय हंबरते तसा आला. नंदाबाईनं दोन्ही कान दाबले. आवाज थांबला तेव्हा तिनं हात काढले; काकासाहेब फोनकडं बघत बसले होते. पोर एकच वाक्य बोलली, हळू, अगदी स्पष्ट. "पंधरा दिवस मी माझ्या मेलेल्या आईला फोन लावत होते, अण्णा." आणि फोन कट झाला.

काकासाहेबांनी लगेच परत लावला. बंद. परत लावला. बंद. काचेवर दरवेळी नंदाबाईचं नाव यायचं आणि जायचं. तासभर त्यांनी तेच केलं. शेवटी फोन तिच्या हातात दिला.

"तुझ्यापाशीच ठेव. दिलेलं दान हाय. ती मला करायची न्हाई, पण या फोनवर करील. केला तर उचल बाई. नक्की उचल." आणि त्यांनी हात जोडले. नंदाबाई दोन पावलं मागं सरकली. मालकानं आपल्याला हात जोडावेत, हे तिला बघवेना.

त्यानंतर गावानं जे बघितलं ते गाव अजून बोलतं. रोज दुपारी दीड वाजता काकासाहेब मळ्याच्या कडेच्या त्या पत्र्याच्या खोलीपुढं येऊन दगडावर बसायचे. उन्हात, डोक्याला उपरणं गुंडाळून. कचरू खाट टाकायचा, तर खाटेवर बसायचे नाहीत. दोन वाजायचे, अडीच वाजायचे, फोन गप्पच. मग उठायचे, "येतो" म्हणायचे आणि जायचे. पहिल्या दिवशी कचरूला वाटलं, खोली खाली करायला सांगायला आले. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच आतून घड्याळ बघायला लागला.

चौथ्या दिवशी, दोनला पाच कमी असताना, फोन वाजला. काकासाहेब दगडावरून उभे राहिले. नंदाबाईनं दारातच फोन कानाला लावला. यावेळी आवाज बाहेर आला नाही; ती नुसती ऐकत होती आणि मधूनमधून "हं बाई, हं माय" म्हणत होती. एकदा तिनं डोळे पुसले. फोन ठेवला तेव्हा काकासाहेब तिच्या अगदी समोर येऊन ठेपले होते.

"काय म्हणाली?"

"लेकीचं सुतक तीन दिवसाचं. पाळलं म्हणल्या, आज डोक्यावरून आंघोळ केली." नंदाबाई थांबली. "उद्या चतुर्थी हाय. राजूरला बोलावलं मला. ओटी भरायला. आईनं माझ्या नंबराला तुझं नाव दिलं होतं, तर तूच ये म्हणल्या."

"जा. जरूर जा. तुला जीप करून देतो." काकासाहेबांच्या बोलण्याला एकदम घाई झाली. "खण मी आणतो, चांगल्यातला. नारळ आणतो. अन् गहू आपल्या कोठीतले ने, औंदाचे नवे हायत, शेलके..."

"न्हाई मालक."

"का?"

आता हे कसं सांगायचं? पण सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. "त्या म्हणल्या, मावशी, तुझ्या घरातले गहू आण. अण्णांच्या घरचा एक दाणा आणू नको."

काकासाहेबांनी उपरणं सोडून परत डोक्याला गुंडाळलं. कचरू दाराआड श्वास धरून उभा होता. नंदाबाई आत वळली, डब्यातून गहू सुपात ओतले आणि उंबऱ्याशी निवडायला बसली.

"किती खडे हायत गं यात," काकासाहेब म्हणाले.

"रेशनचे हायत, मालक." तिला लाज वाटली.

काकासाहेब तिच्यासमोर खाली मातीत मांडी घालून बसले. त्यांनी चष्मा पुसला, नीट बसवला आणि हात पुढं केले.

"सूप दे इकडं," ते म्हणाले. "मी निवडून देतो."